लॉफ्टमधलं इन्सुलेशन छतातल्या दिव्यांपासून दूर कसं ठेवायचं

थंडी तोंडावर आली की इकडे इंग्लंडमध्ये लॉफ्टचं, म्हणजे छपराखालच्या माळ्याचं, इन्सुलेशन (ऊब धरून ठेवणारा थर) वाढवायचे बेत सुरू होतात. 100 मि.मी.च्या जुन्या थरावर 170 चा आडवा टाकला की 270 मि.मी. होतं, घर उबदार राहतं. हे जरूर करा. पण खालच्या खोल्यांच्या छतात बसवलेले गोल दिवे, म्हणजे डाउनलाइट, असतील तर रोल उलगडायच्या आधी त्यांची वरची बाजू बघून घ्या. रेडिंगच्या आमच्या जुन्या घरात बाथरूमच्या दिव्यांवर कुणीतरी ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचं इन्सुलेशन, सरळ अंथरून टाकलं होतं. ते उचललं तर प्रत्येक दिव्याच्या जागी बशीएवढा तपकिरी डाग, आणि वायरचं आवरण बोटाने दाबलं की तडकत होतं.

ग्लासवूल सहजी पेटत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण पातेलं गोधडीत गुंडाळलं की भात तासन्‌तास गरम राहतो, तसंच इथे होतं. 50 वॉटच्या हॅलोजनची बरीच उष्णता मागे, लॉफ्टच्या दिशेने जाते आणि वर झाकण असेल तर तिथेच साठते. घरातली नेहमीची पीव्हीसी वायर 70 अंश सेल्सिअसपर्यंत चालते. त्यापुढे ती कडक होत जाते. शेजारी लाकूड असतं, धूळ असते. एलईडी पाच-सहा वॉटचा असल्यामुळे धोका पुष्कळ कमी, पण झाकून ठेवला तर तोही लवकर जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिव्यावर ‘फायर-रेटेड’ लिहिलंय म्हणून तो झाकता येतो, असं मुळीच नाही. खालच्या खोलीत आग लागली तर छताला पाडलेल्या भोकातून ती 30, 60 किंवा 90 मिनिटं वर जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. इन्सुलेशनने झाकायची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती उत्पादकाच्या पत्रकात स्पष्ट लिहिलेली असावी लागते. थर दाखवून त्यावर फुली मारलेलं चिन्ह दिव्यावर दिसलं तर झाकायचं नाही. पत्रकही नाही आणि खूणही नाही, तर झाकायचा नाही असंच धरून चाला.

वर जाण्याआधी लाइटिंगचा एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करून घ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा, एफएफपी2 मास्क घाला. ग्लासवूलची खाज दोन दिवस जात नाही. पाय फक्त जॉइस्टवर (छत पेलणाऱ्या लाकडी तुळईवर), किंवा जॉइस्टवर आडव्या टाकलेल्या फळीवर. तुळयांमधल्या प्लास्टरबोर्डवर, म्हणजे छताच्या पातळ पत्र्यासारख्या जिप्सम फळीवर, पाय पडला तर थेट खालच्या खोलीत.

दिव्याच्या जागी थर आधी हाताने वर उचला, खाली वायर कुठून गेलीय ते बघा, मगच कापा. न बघता सुरी चालवू नका. बाजूला घेतलेला तुकडा फळीखाली दाबून दातेरी सुरीने कापला की कड सरळ येते. अंतर किती, हे पत्रक ठरवतं. आमच्या दिव्यांना चहूबाजूंनी 75 मि.मी. आणि वरचा भाग पूर्ण मोकळा हवा होता. एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) किंवा हॅलोजनचा ट्रान्सफॉर्मर थराखाली दबलेला असेल तर वायर जेवढी पुरेल तेवढा वर, उघड्यावर घ्या. हा डबा लोक हमखास विसरतात.

नुसती मोकळी जागा ठेवली तर तेवढ्या भागातून ऊब निसटते. बाथरूमची वाफही दिव्याच्या फटीतून वर जाते आणि जानेवारीत छपराच्या आतल्या बाजूला पाणी धरतं. म्हणून मला दिव्यावर बसवायचं कव्हर, लॉफ्ट कॅप, जास्त पसंत आहे. ते दिव्यावर पालथं ठेवायचं, वायर खाचेतून बाहेर काढायची, कड सीलंटने प्लास्टरबोर्डला चिकटवायची. मात्र कव्हरच्या आतही उष्णता कोंडतेच. त्यामुळे किती वॉटपर्यंत चालतं, वरून थर टाकता येतो की फक्त बाजूने, हे कव्हर आणि दिवा या दोघांच्याही पत्रकात बघा. हॅलोजन असेल तर आधी एलईडी. 12 व्होल्टच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर एलईडी बल्ब लुकलुकतात किंवा लागतच नाहीत. अशा वेळी दिवेच बदलून घ्या, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.

डाग पडलेला थर, कडक झालेली वायर किंवा जळका वास आढळला तर तो दिवा पुन्हा लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. सगळं ठीक असेल तर एमसीबी चालू करा, दिवे दोनेक तास जळू द्या आणि वर जाऊन पुन्हा एकदा बघा.

इन्सुलेशन कंपनीकडून टाकून घेणार असाल तर माणसं वर चढायच्या आधी दिव्यांचे फोटो आणि पत्रक त्यांच्या हातात द्या, आणि ते निघण्यापूर्वी स्वतः शिडीवर चढून प्रत्येक दिव्याभोवतीची जागा बघा. लॉफ्टच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: दिवे कुठे आहेत, बल्ब जास्तीत जास्त किती वॉटचा.