रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड घातलं आणि कॉम्प्युटर बसला? या चुका टाळा

अपग्रेडनंतर बंद पडलेला कॉम्प्युटर माझ्या टेबलावर येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यावर फॉरमॅट मारून झालेला असतो. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. काल संध्याकाळपर्यंत मशीन नीट चालत होतं, रात्री त्यात रॅम घातली आणि सकाळपासून निळी स्क्रीन यायला लागली. मग दोष विंडोजचा कसा? हात जिथे लागला तिथेच आधी बघायचं. नवीन पार्ट काढा, जुना परत लावा, मशीन सुरू होतंय का पाहा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण ते कुणाला करायचं नसतं. सगळ्यांना एका बटणात उत्तर हवं असतं आणि ते बटण म्हणजे फॉरमॅट.

रॅम बिघडलेली असताना फॉरमॅट मारणं

यात फक्त वेळ वाया जात नाही, नुकसानही होतं. विंडोज इन्स्टॉल होताना सगळ्या फाइली रॅममधून जातात. रॅमच चुकीचं वाचत-लिहीत असेल, तर नव्या विंडोजच्या फाइलीही बिघडलेल्याच उतरतात. सेटअप कधी ४० टक्क्यांवर अडकतो, कधी पूर्ण होतो आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. तोपर्यंत जुना डेटा गेलेला असतो.

रॅमचा दोष ओळखायची माझी पहिली खूण म्हणजे निळ्या स्क्रीनवरचा कोड दर वेळी वेगळा येतो. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, परवा आणखी तिसरंच काही. ड्रायव्हर (पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडला असेल तर सहसा तोच तो कोड परत परत येतो. कोड बदलत राहिले की मी सरळ रॅमकडे वळतो.

नेहमीचं कारण म्हणजे रॅमच्या जुन्या स्टिकशेजारी (पट्टीशेजारी) वेगळ्या जातीची नवी स्टिक. जुनी २४०० स्पीडची, नवी ३२०० ची. दोन्ही सावकाश स्पीडला गुण्यागोविंदाने चालतात, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम जादा स्पीडला चालवायची सोय) चालू केलं की भांडण सुरू होतं. डीडीआर४ रॅम मुळात १.२ व्होल्टवर चालते. एक्सएमपी लावलं की बहुतेक स्टिकना १.३५ व्होल्ट मिळतात आणि स्पीडही वाढतो. जुन्या स्टिकला हे झेपेलच याची खात्री कोणी दिलेली नसते. म्हणून अपग्रेडनंतर क्रॅश होत असेल तर आधी एक्सएमपी बंद करा. क्रॅश थांबला तर पार्ट बदलायची गरजही नाही. थोड्या कमी स्पीडवर चालू द्या. रोजच्या कामात तो फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

तरीही थांबला नाही, तर एक-एक स्टिक वेगळी तपासा. प्रोसेसरपासून मोजलं तर दुसरा स्लॉट, बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डवर एकट्या स्टिकची जागा तीच. दोन स्टिक असतील तर दुसरा आणि चौथा. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकून रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती स्टिक परत करा. ‘एकच तर एरर आहे’ हे वाक्य मला ऐकायचं नाही. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट मी वापरत नाही. तिने पास केलेल्या स्टिक मेमटेस्टमध्ये नापास झालेल्या मी पाहिल्या आहेत.

रॅमचे सोनेरी पाय खोडरबरने पुसायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ती चुकीची नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर खरोखर फरक पडतो. पण रबर पांढरा आणि मऊ घ्या, स्टिक बाहेर काढून लांब धरून पुसा. रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं मागे लागतं.

एसएमपीएस नवा, वायरी जुन्या

या एका चुकीसाठी हा लेख लिहावा इतकी ती वाईट आहे.

लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरचं मशीन ऐन लग्नसराईत माझ्याकडे आलं. त्याने नवीन ग्राफिक्स कार्डासाठी मोठा मॉड्युलर एसएमपीएस घेतला होता. एसएमपीएस म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा आणि मॉड्युलर म्हणजे ज्याच्या वायरी दोन्ही बाजूंनी निघतात तो. जुना एसएमपीएसही मॉड्युलरच होता आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला वायरी सुरेख बांधलेल्या होत्या. बसवून देणाऱ्याने विचार केला, हे सगळं उसवायचं कशाला? जुन्या वायरी तशाच ठेवल्या आणि फक्त डबा बदलला. कनेक्टर घट्ट बसले. बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरला, मशीन बंद पडलं आणि जळका वास आला.

कारण असं आहे. वायरीचं जे टोक हार्ड डिस्कला लागतं, त्याचा आकार आणि जोडणी सगळ्या कंपन्यांत सारखीच असते, तिथे मानक आहे. जे टोक एसएमपीएसला लागतं त्याला कसलंच मानक नाही. कुठल्या पिनमधून १२ व्होल्ट सोडायचे आणि कुठून ५, हे ज्याचं तो ठरवतो. कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असतं. कनेक्टर मात्र बसतो. त्यामुळे डिस्कमध्ये ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट शिरले.

हार्ड डिस्कवर जादा व्होल्टेज अडवणारा एक छोटा डायोड असतो. तो स्वतः जळून बाकीच्या सर्किटला वाचवतो. तसा तो जळला होता, म्हणून जुन्या लग्नांचा डेटा बाहेर काढता आला. एसएसडीचं तसं झालं नाही. तिच्यावर त्या महिन्यातली एडिटिंगची सगळी कामं होती आणि ती परत आली नाहीत. वायरी उसवायला अर्धा तास लागला असता.

माझी पद्धत साधी आहे. एसएमपीएस बदलायचा म्हटलं की जुन्या वायरी आधी सगळ्या बाहेर येतात आणि जुन्या डब्याला रबरबँडने बांधून ठेवल्या जातात. टेबलावर सुटी मॉड्युलर वायर ठेवायचीच नाही. कोणी सुटी आणून दिली आणि कुठल्या एसएमपीएसची ते सांगता आलं नाही, तर मी ती कापून टाकतो.

साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीतून ग्राफिक्स कार्डला करंट देणारे स्वस्त अ‍ॅडॅप्टरही असेच टाकून द्या. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिना जेमतेम ५४ वॅट वाहू शकतात. सहा पिनी कार्ड ७५ पर्यंत मागू शकतं. तो कनेक्टर वितळतो.

गेम सुरू केला की रीस्टार्ट

कार्ड नवीन, एसएमपीएस चांगला, डेस्कटॉपवर सगळं ठीक, पण गेम किंवा रेंडर सुरू झाला की मशीन एकदम बंद. लोक कार्ड परत करायला निघतात. मी विचारतो, यूपीएस कोणता? आपल्या घरोघरी जो ६००व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॅटचा असतो. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट घेतं, त्यात प्रोसेसर, मॉनिटर, कुणीतरी त्याच यूपीएसला लावलेले स्पीकर आणि राउटर. कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या वरही उसळी मारतं. यूपीएस तेवढ्यात मान टाकतो. एकदाच मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून तोच गेम चालवून बघा. अर्थिंग असलेलं तीन पिनी सॉकेटच हवं.

यानंतर विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून लगेच नवीन एसएमपीएस मागवू नका. ती नोंद एवढंच सांगते की विंडोज रीतसर बंद झालं नाही. कारण ती सांगत नाही.

डिस्प्लेच येत नाही

आधी मॉनिटरची केबल बघा. कार्ड घातल्यावर ती कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. मागे वाकून बघायचा कंटाळा करून लोक पूर्ण मशीन रिक्षात घालून आणतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, उदाहरणार्थ १२४००एफ, त्याला स्वतःचा डिस्प्ले नसतोच.

प्रोसेसर बदलला असेल तर बायोस आधी अपडेट करायला हवा होता. उदाहरणार्थ, एएमडीचे बी४५० बोर्ड २०१८ चे, रायझन ५००० प्रोसेसर २०२० चे. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखूच येत नाही. जुना प्रोसेसर परत लावा, बायोस अपडेट करा, मग बदला. जुना लगेच विकून टाकू नका.

एएमडीच्या एएम५ बोर्डवर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. चहा प्या. दर मिनिटाला बटण दाबून बंद केलं तर ते काम दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं.

बऱ्याच बोर्डवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असे चार बारीक दिवे असतात. कुठला दिवा पेटलेला राहिला ते दुकानदाराला फोनवर सांगितलं तर अर्धं काम होतं.

नवीन एम.२ (थेट बोर्डवर बसणारी) एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब? काही बोर्डांवर तो स्लॉट एखाद-दोन साटा पोर्ट बंद करतो. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

प्रोसेसरच्या कूलरखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढा. हे अजूनही सांगावं लागतं.

बिटलॉकर

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. बायोस अपडेट किंवा बोर्ड बदलण्याआधी हे बघाच. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलेल्या मशीनवर डिस्क आपोआप लॉक झालेली असू शकते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बोर्ड बदलला की निळी स्क्रीन ४८ आकडी रिकव्हरी की मागते. अपग्रेडच्या आधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा. अकाउंटमध्ये लॉगिन करून ती की कागदावर उतरवून घ्या आणि कागद कॉम्प्युटरच्या बिलाला जोडून ठेवा. माझ्याकडे मशीन आलं की स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी तो कागद मागतो.