लिलावात जुना क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, घेताय?
फोटोवर भाळू नका, आधी कंडिशन रिपोर्ट मागवा आणि केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची बॉडी, किती पॉलिश झालीये ते बघा, पट्टा बसतो तिथल्या कडा गोल गुळगुळीत झाल्या असतील तर मी तरी सोडून देतो. डायल ओरिजिनलच हवी, परत रंगवलेली असली की भिंगातून अक्षरं जाडसर, फिसकटल्यासारखी दिसतात.
हातात घेता आलं तर वरचं बटण दाबा, स्टॉपवॉचचा काटा अडखळता कामा नये, आणि रीसेट केल्यावर बरोब्बर शून्यावर यायला हवा, नाहीतर सर्व्हिसचा खर्च धरून चला.
हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स डेटोना घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं, त्यात बायर्स प्रीमियमही (बोलीच्या वर लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क) होता, म्हणून बजेट ठरवताना तो आधीच धरा.