गाडीचा एसी आवाज करतोय? गॅस भरायच्या आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या एसीवाल्यांकडे रांगा लागतात. बोनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं: "काय व्हयनं भाऊ? आवाज? गॅस भरी देस." गाडीवालाही खूश, कारण हवा जरा गार येते. आवाज मात्र होता तिथेच राहतो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्येच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय बहुतेक आवाजांचा गॅसशी संबंधच नसतो.

आवाज कुठला, हे अंगणात उभ्या गाडीवरही बऱ्यापैकी कळतं. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि ब्लोअर एकेक नंबरने वाढवा. त्याच्याबरोबर आवाज वाढला, तर भानगड डॅशबोर्डच्या आत आहे, इंजिनच्या बाजूला गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे बघायचंच नाही. मग एसी बंद ठेवून इंजिन सुरू करा. आता आवाज आला तर पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर किंवा पुलीचं बेअरिंग. एसी बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली इंजिनबरोबर फिरतच असते, हे बरेच जण विसरतात. शेवटी एसी लावा. आवाज फक्त आताच आला, तर कॉम्प्रेसर, त्याला पुलीशी जोडणारा क्लच किंवा पुढचा पंखा. हे करताना गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवा. पंखा कधीही अचानक फिरायला लागतो.

ब्लोअरचा फरफर आवाज आपल्याकडे हमखास निंबाच्या पानांचा असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पानगळ होते, गाडी सावलीला म्हणून निंबाखालीच उभी, आणि वायपरखालच्या जाळीतून पानं, काड्या आत जातात. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन-तीन स्क्रू काढले की हातात येतो. खेड्यात गाडी महिनाभर उभी असेल तर उंदराचं घरटंही निघतं. तिथलाच केबिन फिल्टर धुळीने गच्च झाला की हवा कमी आणि घोंघाट जास्त. त्यावर "फिल्टरच काढून टाका, हवा मोकळी येते" हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. धूळ मग ओल्या कूलिंग कॉइलवर बसते, आणि ती साफ करायला अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागू शकतो.

पट्ट्याच्या चींचींवर तेल किंवा स्प्रे मारणं ही दुसरी लाडकी चूक. आवाज तासभर थांबतो, पण पट्टा घसरायला लागतो आणि त्याचं रबर खराब होतं. त्यापेक्षा बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी शिंपडून बघा, हात लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पट्टा झिजलाय किंवा पुली सरळ रेषेत नाही. उलट वाढला तर ताण सैल आहे. बऱ्याच गाड्यांत हाच पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो, काहींत पाण्याचा पंपही. तो तुटला तर एसीचं राहू द्या, गाडीच रस्त्यात उभी राहते.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावरून रोज येणं-जाणं असेल तर बंपरमागची, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरची जाळी वाकून बघाच. रुई आणि धूळ मिळून तिथे गादी बसते. उष्णता बाहेर जात नाही, दाब वाढतो, पंखा पूर्ण वेगाने घोंघावतो आणि कॉम्प्रेसर कण्हायला लागतो. घरच्या साध्या पाइपने धुतलं तरी पुरतं. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला की जाळीच्या पात्या वाकतात, मग हवा कायमचीच अडते.

आता गॅस खरोखरच भरायचा असेल तर. नळी हाताला गार लागली की झालं, असं म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. ४३-४४ अंशांच्या दुपारी दाब मोजणाऱ्या गेजचे काटे एरवीपेक्षा वर असतात, तेव्हा नुसत्या काट्यावरूनही अंदाज चुकतो. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. आधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणं, मग वजनकाट्यावर तोलून तेवढाच गॅस. जास्त भरला तर दाब चढतो, कॉम्प्रेसर ठोकायला लागतो. व्हॅक्यूम न करता भरला तर आत हवा आणि ओल राहते.

कॉम्प्रेसरमधून लोखंडी खरखर येत असेल तर एसी लगेच बंद करा. "अजून गार तर करतोय" म्हणून चालवत राहिलात तर आतला धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. मग नुसता नवा कॉम्प्रेसर बसवून भागत नाही. नळ्या फ्लश करणं, ओल शोषणारा ड्रायर बदलणं आणि बहुतेक वेळा कंडेन्सरही बदलणं आलं. हा खर्च वाचवायला गेलेल्यांचा नवा कॉम्प्रेसरही फार टिकत नाही.

काही आवाज मात्र आवाजच नव्हेत. एसी लागताना एक टक, बंद केल्यावर थोडा वेळ सूं सूं, कन्नड घाट चढताना जोर दिला की एसी क्षणभर मध्येच सुटणं, हे सगळं ठीक. टकटक दर काही सेकंदांनी होत राहिली तर मात्र गॅस कमी असल्याची शंका घ्या. डॅशबोर्डच्या आत टिकटिक असेल तर ती हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरची.

आणि थंडीत एसी चार-चार महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून दहा मिनिटं लावला की तेल फिरतं आणि कॉम्प्रेसरचं सील सुकत नाही.