सिझरनंतर टाक्यांची जागा जळते, करंट मारते? त्या नसेला शांत कसं करायचं

माझ्या सिझरला सात महिने झाले होते. टाके कधीच सुकले होते, व्रण बारीक रेघेसारखा झाला होता. तरीही दूध पिताना लेकीची टाच तिथे लागली की ओटीपोटापासून जांघेपर्यंत सणकन करंट जायचा. सोनोग्राफीत काहीच नाही. घरातले म्हणायचे, "बाळंतपणात वारा लागला असेल." वारा नव्हता, ती नस होती. रक्ताची नव्हे, संवेदना मेंदूपर्यंत नेणारी, म्हणजे नर्व्ह.

सिझरचा आडवा छेद ओटीपोटाच्या खालच्या भागात घेतात. मणक्यातून कमरेपाशी निघणाऱ्या दोन नसा पोटाच्या स्नायूंच्या थरांमधून वाट काढत याच भागातून जांघेकडे येतात. छेद घेताना नस ताणली गेली, टाक्यात सापडली किंवा नंतर व्रणाच्या घट्ट ऊतीत आवळली गेली, तर वरून जखम भरली तरी ती आतून ठणकत राहते. यात तुमची चूक नसते. डॉक्टरांची असतेच असंही नाही.

आधी दुखणं ओळखा

नसेचं दुखणं साध्या दुखण्यासारखं नसतं. आग होते, चुरचुरतं, मुंग्या येतात, सुया टोचतात. नुसता कपडा लागला तरी सहन होत नाही, आणि शेजारीच दोन बोटं जागा बधिर असते. शस्त्रक्रियेनंतर असं दुखणं 3 महिन्यांपेक्षा जास्त टिकलं, तर वैद्यकात त्याला जुनाट दुखणं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. "तुझ्या मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

काही खुणा मात्र वेगळ्या. ताप, टाक्यातून पू, लाली, पायातला जोर जाणं किंवा लघवी अडणं असं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दर पाळीला व्रणात गाठ येऊन दुखत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती तिथे रुजलेली असू शकते. उभं राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगवटा दिसला तर हर्निया तपासून घ्या. या दोन्हींचे उपचार निराळे आहेत.

दोन आठवडे वहीत लिहा

फार नको, एकेक ओळ. माझ्या वहीतली एक अशी आहे: "रात्री 2. बाळाला उचलताना वळले. उजव्या टोकाला करंट, मांडीपर्यंत. 10 पैकी 7. पाच मिनिटं." डॉक्टरांसमोर "खूप दुखतं हो" एवढंच तोंडातून निघतं. ही ओळ वाचून दाखवली तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला टेबलावर झोपवून त्या एका बिंदूवर बोट ठेवलं आणि मान उचलायला सांगितलं. स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं, तर त्याचं मूळ बहुधा पोटाच्या भिंतीत असतं, आत नाही.

योग्य डॉक्टरांकडे जा

सुरुवात आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांपासूनच करा, पण तिथे अडलं तर पेन क्लिनिकची, म्हणजे जुन्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या विभागाची चिठ्ठी मागा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत भूलतज्ज्ञांच्या विभागात चौकशी करा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात. ती कमी मात्रेत सुरू करून वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. अंगावर पाजत असाल तर ते आधी सांगा. गुंगी येत असेल तर बाळाला अंथरुणात शेजारी घेऊन झोपू नका. सोनोग्राफीत बघत नसेपाशी बधिर करण्याचं इंजेक्शनही देतात. त्याने दुखणं थांबलं, तर दोष कोणत्या नसेत आहे तेही कळायला मदत होते.

स्पर्शाची सवय लावा

मला सर्वांत जास्त फरक इथे पडला, म्हणून सविस्तर लिहिते. जखम पूर्ण भरली आहे आणि हात लावायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच हे करा.

सुरुवात व्रणावर नको, त्याच्यापासून चार बोटं लांब करा. कापसाचा बोळा घ्या आणि दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मिनिटं हलकेच फिरवा. डोळे मिटू नका, बघत राहा. कापूस सोसला की जुन्या साडीचा मऊ तुकडा घ्या, मग सुती पंचा, मग खरखरीत टॉवेल. रोज थोडं व्रणाकडे सरका. थोडं चुरचुरलं तर चालतं, पण नंतर तासभर ठणकत राहिलं तर मागच्या कापडावर परत या. मला कापसावरून टॉवेलवर यायला सात आठवडे लागले. पुढे बोटांनी व्रण हलकेच वर-खाली, आडवा सरकवायचा. हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

मालीशवाल्या मावशींना पोट चोळू देऊ नका. शेगडीचा किंवा गरम पिशवीचा शेकही त्या जागेवर नको. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि भाजल्यावरच ध्यानात येतं.

रोजचं वागणं

लेगिंगचा पट्टा, जीन्सचं बटण आणि चड्डीचं इलॅस्टिक नेमकं व्रणावर बसतं. वरपर्यंत येणारी सुती चड्डी आणि सैल गाऊन वापरा. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हातावर जोर देऊन बसा. पाजताना बाळाला कुशीवर झोपून घ्या किंवा काखेखालून धरा, म्हणजे त्याचे पाय पोटावर येत नाहीत. पाण्याची बादली, गॅसची टाकी दुसऱ्यांनी उचलायची. हे घरात स्पष्ट सांगा, आडून सुचवू नका.

झोप नसली की दुखणं वाढतं, आणि दुखणं असलं की झोप नाही. रात्रीचं एक दूध वाटीत काढून ठेवा आणि ती पाळी नवऱ्याकडे द्या. सारखं रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेली मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर एकटं राहू नका, घरच्यांना लगेच उठवा.

पुढचं मूल ठरलं तर पहिल्याच तपासणीला हे सगळं सांगा, वही दाखवा, फाइलवर नोंद करून घ्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना ते आधीच माहीत असायला हवं.