उरलेला भात आणि उरलेली उसळ

रात्रीची जेवणे आटोपल्यावर पातेल्यात दोन वाट्या भात आणि वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ उरणे ही आपल्या घरांतली नित्याची गोष्ट आहे. सकाळी भाताला फोडणी मिळते, उसळ मात्र पुन्हा एकदा गरम होते आणि कोणी हात न लावल्यामुळे संध्याकाळी टाकली जाते. या दोहोंचा मिळून पोटभरीचा नाश्ता होतो, पण त्याचे निम्मे काम आदल्या रात्रीच करून ठेवावे लागते.

पहिली काळजी भाताची घ्यावी. उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते, ती सोडून द्यावी. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकून राहतात आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढू लागतात. त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही, त्यामुळे सकाळी खमंग परतून घेऊ म्हणजे झाले, हा दिलासा फसवा आहे. भात परातीत पसरावा, वाफ निघून गेली की उथळ डब्यात भरावा, शिजल्यापासून दीड-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात वासाला कितीही चांगला वाटला तरी टाकलेलाच बरा.

फ्रिजमध्ये ठेवण्याचा चवीलाही फायदा होतो. थंडाव्यात भातातील स्टार्च घट्ट होतो, शिते सुटी होतात आणि परतताना मोडत नाहीत. कोलमचा भात यासाठी उत्तम. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मुळातच चिकट असल्याने त्यांचा गोळा होण्याची शक्यता अधिक असते.

उसळही त्याच वेळात वेगळ्या डब्यात ठेवावी. ओले खोबरे घातलेली उसळ लवकर आंबते, म्हणून उसळ उरणार असे वाटत असेल तर खोबरे पानात वाढतानाच वरून घालावे. वाल, मटकी, चवळी, हरभरे यांपैकी कोणतीही उसळ चालते. मुगाची फार मऊ शिजलेली असेल तर ती भातात विरघळून जाते.

सकाळी प्रथम उसळीतला रस्सा वाटीत काढून घ्यावा. तो ओतून देऊ नये, कारण पुढे त्याचाच उपयोग होतो. दोन वाट्या भात आणि एक वाटी निथळलेली उसळ हे प्रमाण मला योग्य वाटते. भात हाताने हलकेच मोकळा करावा. कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि एक बारीक चिरलेला कांदा घालावा, आणि कांदा गुलाबी झाल्यावर निथळलेली उसळ घालून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे परतावी. ही पायरी टाळणाऱ्यांचा भात हमखास गिच्च होतो. उसळ कोरडी होऊन कढईला किंचित लागू लागली की मगच भात घालावा, वरून तीन-चार चमचे रस्सा शिंपडावा आणि झाकण ठेवून सणसणीत वाफ आणावी. मधला भातही चटका बसेल इतका गरम झाला पाहिजे.

मीठ आणि मसाला घालण्यापूर्वी चव पाहावी. आपल्याकडे भात बहुधा अळणी असतो आणि उसळ तिखटामिठाची, त्यामुळे चिमूटभर मीठ पुरते आणि गोडा मसाला पुन्हा घालण्याची गरज सहसा पडत नाही.

कोस्टारिका आणि निकाराग्वा या देशांत भात आणि शिजवलेला घेवडा एकत्र परतून ‘गायो पिंतो’ नावाचा पदार्थ न्याहारीला करतात. या नावाचा शब्दशः अर्थ ठिपकेदार कोंबडा असा आहे. तेथेही घेवड्याचे पाणी भातावर शिंपडतात आणि त्यानेच भाताला रंग व चव येते.

फ्रिजमधले इतर उरलेसुरलेही यात जिरते. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या, कोबीचा देठाकडचा भाग आणि अर्धा टोमॅटो कांद्याबरोबर घालावा. बटाट्याची सुकी भाजी भाताबरोबर घालावी. भेंडीची भाजी आणि वरण मात्र दूर ठेवावे, एकाने तार सुटते आणि दुसऱ्याने त्याची खिचडी होते. एकदा असा गरम केलेला भात पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नये, म्हणून लागेल तेवढाच करावा.

भात चिकट असेल किंवा उसळ भातापेक्षा जास्त उरली असेल, तर परतण्याचा हट्ट धरू नये. दोन्ही हाताने कुस्करून त्यात एक वाटी ज्वारीचे पीठ, दोन चमचे बेसन, चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घालावी, पाण्याऐवजी रस्सा वापरून पीठ मळावे आणि लगेच थालीपिठे लावावीत. भातामुळे ही थालीपिठे मऊ होतात आणि उलथताना तुटू शकतात, तेव्हा ती नेहमीपेक्षा लहान थापावीत, मध्ये भोक पाडून तेल सोडावे आणि खालची बाजू चांगली खरपूस झाल्याशिवाय उलथू नयेत.