सत्तावन्नच्या बंडात घरातला कोणी फासावर गेला असेल तर त्याचा माग कसा काढायचा

ग्वाल्हेर-इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत ही गोष्ट अर्धवट ऐकायला मिळते. आपल्यातल्या एकाला बंडात पकडून फाशी दिली, बस्स, पुढे काही नाही. नाव एका काकांना माहीत, गाव दुसऱ्याला, आणि साल विचारलं की सगळेच सत्तावन्न सांगतात. आमच्याकडेही खापरपणजोबांच्या थोरल्या भावाबद्दल एवढंच सांगायचे. मी बरीच वर्षं या कागदांच्या मागे आहे आणि आता नातेवाईक, ओळखीचे विचारायला लागलेत की सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

पहिल्यांदा हे समजून घ्या की घरचे गप्प का बसले. ग्वाल्हेरात ही नुसती इंग्रजांशी लढाई नव्हती, घरातली यादवी होती. जयाजीराव शिंदे महाराज आणि दिवाण दिनकरराव राजवाडे इंग्रजांच्या बाजूने, आणि १ जून १८५८ ला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या राणीसाहेब चालून आल्या तेव्हा महाराजांची बहुतेक फौज समोरच्यांना जाऊन मिळाली, महाराज आग्र्याला निघून गेले, आणि २० जूनला किल्ला परत इंग्रजांच्या हातात. तीन आठवड्यांचा खेळ सगळा. त्यानंतर ज्या घरातला माणूस फासावर गेला त्या घराला त्याच दरबारात नोकरी करायची होती, जहागीर वाचवायची होती, मुलींची लग्नं करायची होती, मग नाव घेणार कोण? म्हणून वंशावळीत त्याच्यापुढे नुसतं ‘निर्वंश’ किंवा ‘बेपत्ता’ लिहिलेलं असतं किंवा नावच नसतं. अशी रिकामी जागा दिसली की तिथेच थांबून नीट बघा.

सुरुवात अर्काइव्हपासून करू नका, श्राद्धापासून करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आजी असो, आत्या असो, मोठी काकू असो, कारण पानं त्यांनीच वाढलीयेत. ‘फाशी कोणाला झाली’ असं एकदम विचारलं तर उत्तर मिळत नाही, माणूस बिचकतो. असं विचारा की पितृपंधरवड्यात चतुर्दशीला आपल्याकडे कोणाचं पान वाढायचे? भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ लिहिलेलं असतं, म्हणजे शस्त्राने किंवा अपघाताने, अकाली गेलेल्यांचं. साध्या मरणाने गेलेल्याचं श्राद्ध त्या दिवशी करत नाहीत. आमच्या आत्याला फाशीबिशी काही माहीत नव्हतं पण चतुर्दशीला एक पान जास्तीचं असायचं आणि ते ‘मोठ्या आजोबांचं’ हे तिला पक्कं आठवत होतं, आणि त्या एका वाक्यावर मला कुठल्या पिढीत शोधायचं ते कळलं. दुसरा प्रश्न असा की घरात कोणाचा पालाशविधी झाल्याचं ऐकलंय का. देह हाती लागला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून संस्कार करतात, फाशीवाल्यांचे देह घरच्यांना मिळालेच असं नाही. तिसरं, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी कोणी, कधी केला. तो अपमृत्यूसाठीही करतात आणि दोन-तीन पिढ्यांनंतरही केलेला असू शकतो. हे सगळं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊनच, आणि कोण बोललं, वय काय, त्यांना कोणी सांगितलं होतं हे लगेच लिहून ठेवा, दोन वर्षांनी आठवत नाही.

त्र्यंबक, नाशिक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, आणि आपल्या बाजूचं उज्जैन, इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे सोनं आहे. आडनाव, मूळ गाव सांगितलं की ते बरोबर आपली वही काढतात. मूळ गाव म्हणजे ग्वाल्हेर नाही बरं का, शिंदे-होळकरांबरोबर वर येण्याआधीचं कोकणातलं नाहीतर देशावरचं गाव सांगायचं, आणि नंतर ‘हल्ली वस्ती लष्कर’ (म्हणजे ग्वाल्हेरचा लष्कर भाग) असं विचारायचं, दोन्हीकडे बघायला लावायचं. तिथे फाशीचा उल्लेख बहुतेक नसतो पण १८५८ नंतर घरातलं कोण आलं, कोणाच्या नावाने पिंड दिले आणि कोण एकदम यायचं बंद झालं हे दिसतं. फोटो काढायचा तर विचारून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता. दक्षिणा द्या, बसा, घाई करू नका.

आता तिथी. घरातून ज्येष्ठ शुद्ध अमुक अशी तिथी मिळाली तर ती इंग्रजी तारखेत बदलायची. जुन्या तारखांचं पंचांग देणाऱ्या वेबसाइट आहेत पण आधी त्यांची परीक्षा घ्या, १८ जून १८५८ टाकून बघा, ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, शके १७८० यायला पाहिजे, राणीसाहेबांची तिथी आहे ती. आणि इथे आपण मध्य भारतातले लोक हमखास गोंधळतो ते वद्य पक्षात, कारण आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो आणि आजूबाजूच्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला, त्यामुळे अमझेऱ्याच्या राजा बख्तावरसिंहांना इंदुरात फाशी दिली तो १० फेब्रुवारी १८५८ चा दिवस आपल्याकडे माघ वद्यात येतो आणि हिंदीवाल्यांच्या हिशोबाने फाल्गुन कृष्णात. पूर्ण महिन्याचा फरक वाटतो, असतो एकच दिवस. संवत लिहिलेला कागद असेल तर हे आधी तपासा.

मोडी कागदावर सुहूर सन असू शकतो, म्हणजे मराठी दरबारांची जुनी वर्षगणना, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेली, आणि तो मृग लागला की बदलतो. नेमका आपल्या जून १८५८ च्या सुरुवातीच्या दिवसांत. मृगाच्या आधीचा असेल तर ‘समान खमसैन मयातैन व अलफ’, नंतरचा ‘तिसा खमसैन मयातैन व अलफ’, म्हणजे १२५८ आणि १२५९. हा एक शब्द बघून कागद त्या मृगाच्या आधीच्या वर्षातला आहे की नंतरच्या हे ठरतं, म्हणून मोडी वाचणाऱ्याला सन वगळू देऊ नका, काही जण मजकूर वाचतात आणि सन सोडून देतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आता येतो. फाशी कोणाच्या हुकुमाने दिली? लोक थेट नाव सर्च करायला बसतात आणि काही मिळालं नाही की सोडून देतात. कागद माणसाच्या नावाने लावलेले नाहीत, हुकूम देणाऱ्याच्या दप्तरात लावलेत. माणूस ग्वाल्हेरजवळच्या मोरार छावणीतल्या ग्वाल्हेर कंटिन्जंटचा शिपाई असेल, जी फौज १४ जून १८५७ ला उठली, तर तिचे अधिकारी इंग्रज होते, म्हणजे लष्करी बाजू, कोर्ट मार्शल. माणूस शिंद्यांच्या स्वतःच्या फौजेतला किंवा दरबारी कारकून असेल तर दरबार आणि पोलिटिकल एजंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, यांच्यातला पत्रव्यवहार. तात्यांच्या टोळीबरोबर पुढे गेला असेल तर तो कुठेही पकडला गेलेला असू शकतो, राजपुताना, माळवा, आणि डिसेंबर १८५८ मधे तर ते छोटा उदेपूरपर्यंत पोचले होते, बडोद्याच्या दारात, त्यामुळे बडोदेकरांनी हा धागा सोडू नये. तात्यांना स्वतःला शिवपुरीला कोर्ट मार्शल करून १८ एप्रिल १८५९ ला फाशी दिली. आणि तारीख १८५९ वर थांबवू नका. इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, १ जुलै १८५७ ला हल्ला झाला त्यातले सआदत खान कित्येक वर्षं लपून राहिले आणि त्यांना फाशी झाली १८७४ मधे.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा ही संस्थानं, म्हणून इथला सगळा व्यवहार हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारच्या फॉरेन डिपार्टमेंटकडे जायचा. ही फाईल दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात, जनपथवर. त्यांचं ‘अभिलेख पटल’ नावाचं पोर्टल आहे, फुकट अकाउंट काढा आणि घरी बसून शोधा, स्कॅन झालेले कागद तिथेच वाचता येतात. फॉरेन डिपार्टमेंट निवडा, साल १८५७ ते १८६२, आणि माणसाचं नाव न टाकता ग्वालियर, इंडोर, रिबेल, म्युटिनी, एक्झिक्युशन, सेन्टेन्स, कॉन्फिस्केशन असे शब्द इंग्रजीत टाका. कन्सल्टेशनवर, म्हणजे सरकारपुढे ठेवलेल्या कागदांच्या नोंदीवर, जी तारीख असते ती कलकत्त्याला कागद वर ठेवला गेला त्या दिवसाची, घटनेची नाही, त्यामुळे जूनची फाशी डिसेंबरच्या कन्सल्टेशनमधे सापडली तर चकित होऊ नका, पुढचं एक वर्ष पूर्ण चाळा. सापडलं की डिपार्टमेंट, ब्रँच, तारीख, नंबर चारही लिहून घ्या, नाहीतर परत तोच कागद मिळवणं मुश्किल.

स्पेलिंगचा त्रास होणारच. इंग्रजांनी जसं ऐकलं तसं लिहिलं, तात्या टोपेचं टांटिया टोपी झालं, शिवपुरीचं सिप्री. त्यातून आपल्याकडे पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. तात्यांचं नाव रामचंद्र पांडुरंग होतं. राणीसाहेबांचे वडील मोरोपंत तांबे, त्यांनाही पकडून झाशीत फाशी दिली, पण इंग्रजी कागदांत ते ‘मामासाहेब’ म्हणून येतात. म्हणून घरात त्या माणसाला काय हाक मारायचे, नाना, बापू, भाऊसाहेब, अण्णा, हे आत्याकडून काढून घ्या आणि तेही शोधा.

आणि माझ्या मते खरा खजिना फाशीच्या कागदात नाहीच, तो जप्तीच्या कागदात आहे. फाशीची नोंद एका ओळीत आटपते. पण जहागीर, इनाम, वाडा खालसा झाला की त्याची यादी होते, मग विधवा अर्ज करते, पुतण्या हक्क सांगतो, दत्तकाचा वाद होतो, हे वीस-तीस वर्षं चालू शकतं आणि प्रत्येक अर्जात ‘माझे पती अमुक साली बंडात सरकारने फासावर दिले’ असं कारण सांगावंच लागतं. आपल्या माणसाची बाजू कुठे ऐकू आलीच तर ती या बायकांच्या अर्जांत. होळकर आणि शिंदे संस्थानांची दप्तरं भोपाळला राज्य अभिलेखागारात आहेत, त्यातलं पुष्कळ मोडीत. मोडी येत नसेल तर शिका, रोज थोडा वेळ दिला तर काही महिन्यांत छापील नमुने वाचता येतात, पण दरबारी घसटी मोडी जाणकाराकडूनच वाचून घ्या. बंड, गदर, फितूर, जप्त, खालसा, सरकारजमा, फासावर, एवढे शब्द मोडीत कसे दिसतात ते आधी घोटून ठेवा म्हणजे गठ्ठा चाळताना डोळा तिथे अडकतो.

छापील यादीही बघून घ्या. भारत सरकारने १८५७ ते १९४७ च्या हुतात्म्यांचा कोश काढलाय, इंग्रजीत ‘डिक्शनरी ऑफ मार्टर्स’, त्याच्या दुसऱ्या खंडात मध्य प्रदेश आहे, महाराष्ट्र-गुजरात तिसऱ्यात. नाव नसलं तर निराश होऊ नका, ज्यांचे कागद हाती लागले त्यांचीच नावं त्यात येणार.

सगळीकडे शोधूनही फाशीचा काहीच पत्ता नसेल तर काळ्या पाण्याची शक्यता तपासा. १० मार्च १८५८ ला अंदमानात २०० कैद्यांची पहिली तुकडी उतरली आणि पुढे जहाजं जातच राहिली. माणूस परत आला नाही, पत्र नाही, घरच्यांनी काही वर्षांनी पालाशविधी केला आणि दोन पिढ्यांत सांगोवांगी त्याची फाशी झाली, हे सहज होऊ शकतं.

कागद मिळाला की वाचायला मन घट्ट करून बसा. त्यात तुमचा माणूस ‘रिबेल’, ‘नोटोरियस’ असाच असणार, लिहिणारा त्याला फाशी देणारा आहे. खटला एका बैठकीत आटपलेला असेल, १८५७ च्या कायद्यांनी खास कमिशनरांना तेवढी मुभा दिली होती आणि अपीलही नव्हतं. ग्वाल्हेरचे खजिनदार अमरचंद बांठिया यांना २२ जून १८५८ ला सराफ्यात भर बाजारात कडुलिंबाच्या झाडाला फाशी दिली, किल्ला पडून दोन दिवस झाले होते. दोन दिवसांत काय चौकशी झाली असेल ते तुम्हीच ठरवा. पण आरोप नि:शस्त्र बायका-मुलांना मारल्याचा असेल आणि साक्षी तशा असतील तर तेही झाकू नका, वंशावळीत जसं आहे तसं लिहा.

वंशावळ लिहिताना त्याच्या नावापुढे दोन ओळी वेगवेगळ्या ठेवा, एक घरचं सांगणं आणि एक कागदाचं, नंबरासकट. दोन्ही जुळवून एक गोष्ट करून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की आठवड्यात ती तीन घरांत तीन प्रकारे फिरते आणि मग खरं काय ते कोणालाच सांगता येत नाही. कागदांच्या दोन प्रती काढा, एक भावाकडे, एक बहिणीकडे, आणि पुढच्या वेळी त्र्यंबकला गेलात की आपल्या उपाध्यायांच्या वहीत त्याचं पूर्ण नाव, तिथी आणि फाशीची जागा स्वतःच्या हाताने लिहून या.