लॉनवरील बुरशी: या चुका टाळा

रोगट लॉन पाहण्यासाठी कोणी बोलावले की मी गवताकडे पाहण्याआधी पाणी केव्हा देता, हे विचारतो. "संध्याकाळी, कामावरून आल्यावर," हेच उत्तर बहुतेक घरांतून मिळते. तिन्हीसांजेला दिलेल्या पाण्यात पुढे दवाची भर पडते, पाते सकाळपर्यंत ओले राहते आणि बुरशीला रुजण्यासाठी एवढा वेळ पुरेसा होतो.

कोथरूडमधील एका बंगल्यात मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यानंतरही रात्रीचे स्प्रिंकलर चालूच होते. त्यातच पाऊस आला म्हणून मालकांनी सढळ हाताने युरिया फेकला होता. दमट हवा, 20 अंशांखाली न उतरणारी रात्र आणि युरियामुळे फुटलेली कोवळी, लुसलुशीत पाती हे सारे गवत कुजवणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जिवाला मानवणारेच होते. पहाटे गवतावर कापसासारखी पांढरी जाळी दिसली, तेव्हा ती कोळ्याची समजून दुर्लक्ष करण्यात आले. पाती मात्र बोटांना बुळबुळीत लागत होती. त्याच ओल्या गवतावर माळ्याने मशीन फिरवले आणि दोन दिवसांत चाकांच्या मार्गाने काळपट पट्टे उमटले. दुकानदाराने दिलेले कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दोनदा फवारूनही उपयोग झाला नाही, कारण पिथियम ही खरी बुरशी नसल्याने त्या औषधाचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिथे मेटॅलॅक्सिलसारखे औषध लागते. परंतु त्याआधी स्प्रिंकलर बंद करणे आवश्यक होते, आणि ते कोणालाच सुचले नव्हते.

मी स्वतः पाणी पहाटे देतो, म्हणजे ऊन चढताच पाती कोरडी होतात. रोज शिंपडण्यापेक्षा जमीन 10 ते 15 सेंटीमीटर खोल भिजवावी आणि पुढचे पाणी खुरप्याने माती उकरून, वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) पाहूनच द्यावे.

युरिया एका वेळी चौरस मीटरला 10 ग्रॅमपेक्षा अधिक नको, पावसाळ्यात त्याच्या निम्माच बरा. मात्र धास्तीने खत पूर्णपणे बंद केल्यास उपाशी गवतावर रुपयाएवढे फिकट ठिपके पडतात. हा डॉलर स्पॉट नावाचा बुरशीचा रोग. त्यावर पुष्कळदा फवारणीऐवजी थोडे नत्रच पुरते.

पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक उंची एका वेळी कापू नये. मशीनच्या बोथट पात्याने गवत कापले न जाता फाटते, आणि ती जखम लवकर भरत नाही.

पिवळा पडलेला प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. तिथले गवत मुठीत धरून ओढावे. सतरंजीसारखे अलगद उचलले गेले, तर खाली हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, सापडण्याची शक्यता मोठी आहे. एवढी साधी तपासणीही न करता, फोनवर फोटो पाठवून औषधाचे नाव मागणाऱ्यांना मी ते सांगत नाही.

काळ्या मातीत निचऱ्याची सोय न करता, चार दिवसांत बाग हिरवी दिसावी म्हणून लॉनचे तयार तुकडे अंथरणारेही पुष्कळ आहेत. पहिल्या पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. आंब्याच्या दाट सावलीत हरळी लावणाऱ्यांचीही तीच गत होते, कारण तिला भरपूर ऊन लागते. तिथे लॉनचा हट्ट सोडून फरशी घालावी किंवा सावलीत तगणारी झाडे लावावीत.